एका पावलाचे चार धनी

लंका म्हटली की आपल्याला आधी रावण आठवतो, मग मारुती. पण गाडीतून हॅटन स्टेशनावर उतरलो, तेव्हा सहप्रवाशांच्या तोंडी विषय होता तो एका पावलाचा!

चहाच्या मळ्यांपलीकडे 7,359 फूट उंचीचे ते शिखर. माथ्यावरच्या खडकात माणसाच्या उंचीएवढा लांब, पावलासारखा खळगा आहे. बौद्ध म्हणतात, हे बुद्धाचे श्रीपाद. तमिळ हिंदू म्हणतात, शिवाचे. मुसलमानांच्या मते स्वर्गातून उतरलेल्या आदमने पृथ्वीवर पहिले पाऊल टेकले ते येथेच. काही ख्रिस्ती संत थॉमसचे नाव घेतात. आपल्याकडे एका वाड्याला चार वारस निघाले तर कोर्टाच्या पायऱ्या झिजतात. येथे चौघेही डोंगराच्याच पायऱ्या झिजवतात. वरची व्यवस्था बौद्ध भिक्षूंकडे. वाट मात्र सर्वांना मोकळी.

ही वर्दळ जुनीच. अकराव्या शतकात राजा विजयबाहूने यात्रेकरूंच्या अन्नासाठी गावे नेमून दिली. 1344 साली इब्न बतूता लोखंडी साखळ्या धरून वर चढला. त्याने दोन वाटांची नावे लिहून ठेवली आहेत: बाबा आणि मामा. मामा म्हणजे आपला मामा नव्हे हं, आई! आदमची वाट आणि हव्वेची वाट.

मार्गशीर्षाच्या सुमारास सुरू होणारी यात्रा वैशाखी पौर्णिमेपर्यंत चालते. आम्ही मध्यरात्री निघालो. पायथ्यापासून माथ्यापर्यंत दिव्यांची नागमोडी ओळ. जणू कोणी डोंगराची दिवाळीच मांडली होती. पायऱ्या पाच हजारांवर. दोन हजारांतच माझा धीर सुटला आणि मी चहाच्या टपरीवर बसकण मारली. शेजारी पांढऱ्या वस्त्रातल्या एक आजीबाई नातवासह बसल्या होत्या. भाषेचा प्रश्नच नव्हता. एकमेकांची येतच नव्हती. त्यांनी कोऱ्या चहाबरोबर काळ्या गुळाचा एक खडा माझ्या हातावर ठेवला. उतरणारे यात्रेकरू चढणाऱ्यांसाठी करुणा भाकत होते. शब्द ओळखीचा निघाला! पंढरीच्या वाटेवर अनोळखी माणूसही ‘माउली’ होतो, ते आठवले.

माथ्यावर घंटा आहे. जितक्यांदा चढलात तितके टोले द्यायचे. मी एक दिला. आजीबाईंनी नऊ दिले. नातू बोटे मोजत होता. मग सूर्य उगवला आणि पश्चिमेच्या धुक्यावर डोंगराची त्रिकोणी सावली पडली. गर्दी एकदम गप्प झाली.

या देशात 1983 च्या जुलैत तमिळांची घरेदारे जळाली. मग 2009 पर्यंत युद्ध चालले. 2019 च्या ईस्टरला प्रार्थनेला बसलेली माणसे बॉम्बस्फोटांत मेली. पाऊल तेव्हाही येथेच होते. त्याने काहीच थांबवले नाही, हे कबूल केले पाहिजे. पाऊल कोणाचे, हा प्रश्न आला की धर्म वेगळे होतात, आणि कधी हातघाईवरही येतात. पण वाटसरूला जेवू घालावे, थकल्याला हात द्यावा, यावर मात्र चौघांचेही एकमत आहे. आणि ते कळायला माथा गाठावा लागत नाही, मधली टपरी पुरते.

उतरताना माझे गुडघे लटपटू लागले. मागून कोणीतरी दंडाला धरले आणि तीन वळणे तसेच उतरवले. सपाटी येताच तो माणूस हसला आणि गर्दीत नाहीसा झाला. त्याचा धर्म विचारायचे राहूनच गेले.