माशाच्या तेलाची गोळी आणि पोटाचा घेर

मुळशी तालुक्यात गेली पंचवीसहून अधिक वर्षे मी साधा एम.बी.बी.एस. डॉक्टर म्हणून व्यवसाय करतो आहे. या काळात रुग्णांच्या पिशवीतून निघणाऱ्या वस्तू बदलल्या. पूर्वी जुनी चिठ्ठी आणि गोळ्यांचे रिकामे पाकीट एवढेच बाहेर येई. आता त्यासोबत सोनेरी, पारदर्शक गोळ्यांची एक बाटली असते. कोणाच्या हिंजवडीत नोकरी करणाऱ्या मुलाने आणलेली, तर कोणाच्या परदेशातील लेकीने पाठविलेली. प्रश्न मात्र एकच असतो : “डॉक्टर, हे माशाचे तेल साखर, चरबी, बीपी सगळ्यांवर चालते म्हणतात. घेऊ का?” तपासणीच्या पाच मिनिटांत या प्रश्नाचे पुरे उत्तर देता येत नाही, म्हणून ते येथे सविस्तर देतो.

या गोळ्या बहुधा ज्या तक्रारींसाठी आणल्या जातात, त्यांना एकत्रितपणे ‘मेटाबॉलिक सिंड्रोम’ म्हणतात. मराठीत आपण त्याला चयापचयाचा बिघाड म्हणू. त्याच्या पाच खुणा आहेत. कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर किंवा अधिक, स्त्रियांत ८० किंवा अधिक. रक्तातील ट्रायग्लिसराइड ही चरबी १५० किंवा अधिक. ‘चांगले’ एचडीएल कोलेस्टेरॉल पुरुषांत ४० पेक्षा, स्त्रियांत ५० पेक्षा कमी. रक्तदाब १३०/८५ किंवा अधिक. आणि उपाशीपोटी साखर १०० किंवा अधिक. यांपैकी कोणत्याही तीन असल्या, किंवा त्यांसाठी औषध चालू असले, की हा बिघाड आहे असे समजावे. घेराचे हे आकडे आपल्या दक्षिण आशियाई शरीरांसाठी आहेत. युरोपीय लोकांसाठी ते अधिक धरले जातात.

आपल्यासाठी आकडे वेगळे का, याचा उलगडा होण्यात पुण्याचाच मोठा वाटा आहे. के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांत गरोदर माता आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. येथील बाळांचे जन्मवजन इंग्लंडमधील बाळांपेक्षा बरेच कमी होते, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. पुढे २००४ मध्ये डॉ. याज्ञिक यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन यांच्यासोबतचे स्वतःचेच छायाचित्र छापले. दोघांचा बी.एम.आय. अगदी सारखा, २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून चरबीयुक्त, अशी आपली ठेवण आहे. म्हणून “मी तर बारीक आहे” या समाधानावर विसंबू नये.

मुळशीत या ठेवणीला आणखी एक जोड मिळाली. आंबेमोहर आणि इंद्रायणीच्या खाचरांत गुडघाभर चिखलात लावणी करणाऱ्या शरीराला ताटभर भात पचत असे. आता अनेक घरांची जमीन विकली गेली, उरलेल्या शेतात यंत्र आले आणि आजोबा ओसरीवरच्या खुर्चीत बसले. भाताचे ताट मात्र तेवढेच राहिले. न वापरलेल्या पिष्टमय अन्नाची यकृतात चरबी होते, ती ट्रायग्लिसराइडच्या रूपाने रक्तात येते आणि पोटाभोवती साठते. बिघाडाचे मूळ हे आहे.

आता गोळीकडे वळू. माशाच्या तेलातील ओमेगा-३ मेदाम्ले, म्हणजे ईपीए आणि डीएचए, यकृताला ट्रायग्लिसराइड कमी तयार करायला लावतात. हा परिणाम खरा आहे. रोज सुमारे चार ग्रॅम ईपीए-डीएचए घेतले, तर वाढलेले ट्रायग्लिसराइड साधारण २० ते ३० टक्क्यांनी उतरते. रक्तदाब फार तर दोन-तीन अंकांनी कमी होतो. उपाशीपोटीची साखर मात्र उतरत नाही, एचडीएलमध्ये विशेष फरक पडत नाही आणि कमरेचा घेरही कमी होत नाही. पाच खुणांपैकी एकीवर ठळक परिणाम, दुसरीवर किंचित, आणि तीन जवळजवळ जागच्या जागी.

यात हिशेबाचीही एक गोम आहे. बाटलीवर मोठ्या अक्षरांत ‘१००० मिलिग्रॅम’ असते, ते तेलाचे वजन. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत पाहिले, तर नेहमीच्या गोळीत १८० मिलिग्रॅम ईपीए आणि १२० मिलिग्रॅम डीएचए, म्हणजे एकूण ३०० मिलिग्रॅम आढळते. चार ग्रॅम गाठायला अशा तेरा-चौदा गोळ्या रोज घ्याव्या लागतील. रोजच्या एका गोळीकडून ट्रायग्लिसराइड उतरण्याची अपेक्षा धरणे व्यर्थ आहे.

“निदान हृदयाला तरी उपयोग होईल ना?” असे तुम्ही विचाराल. ब्रिटनमधील ‘असेंड’ या चाचणीत १५,४८० मधुमेही व्यक्तींना सरासरी सात वर्षांहून अधिक काळ रोज एक ग्रॅमची ओमेगा-३ गोळी किंवा तशीच दिसणारी ऑलिव्ह तेलाची गोळी दिली गेली. २०१८ मध्ये निष्कर्ष आला : हृदयविकार आणि पक्षाघाताच्या घटनांत दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. अमेरिकेतील ‘व्हायटल’ या २५,८७१ जणांच्या चाचणीतही मुख्य निष्कर्ष तसाच होता. चार ग्रॅमच्या मोठ्या मात्रेबाबत मतभेद आहेत. शुद्ध ईपीएच्या एका औषधाने ‘रिड्यूस-इट’ चाचणीत हृदयाच्या घटना २५ टक्क्यांनी कमी झाल्या; ईपीए आणि डीएचए एकत्र देणाऱ्या ‘स्ट्रेंग्थ’ चाचणीत २०२० मध्ये काहीच लाभ दिसला नाही. या दोन्ही चाचण्यांत औषध घेणाऱ्यांमध्ये हृदयाच्या अनियमित ठोक्यांचा, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनचा, विकार अधिक आढळला. साठी ओलांडलेल्यांनी ही गोष्ट हलक्याने घेऊ नये, कारण या विकारातून पक्षाघात होऊ शकतो. छातीत धडधड होत असेल, नाडी अनियमित लागत असेल किंवा रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर माशाचे तेल स्वतःच्या मनाने मुळीच सुरू करू नये.

मग ते कोणी घ्यावे? ट्रायग्लिसराइड ५०० च्या पुढे गेले, की स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका निर्माण होतो. तेथे, किंवा काही निवडक हृदयरुग्णांत, डॉक्टर मोजून मात्रा देतात. ते औषध आहे, पूरक आहार नव्हे. कॉड माशाच्या यकृताचे तेल ही आणखी निराळी वस्तू. त्यात अ आणि ड जीवनसत्त्वे असतात, आणि अ जीवनसत्त्व अति झाले तर अपाय करते. एकाच्या जागी दुसरे घेऊ नये.

माळकरी घरांसाठी एक गोष्ट आवर्जून सांगतो. गळ्यात तुळशीची माळ असलेल्या वडिलांना “ताकदीची गोळी आहे” असे सांगून ही गोळी देणारी मुले मी पाहिली आहेत. हेतू प्रेमाचाच असतो. पण तेल माशाचे आणि वरचे आवरण बहुधा प्राणिज जिलेटिनचे. ज्याने पन्नास वर्षे वारी केली, त्याच्या तोंडात काय जाते आहे हे त्याला कळलेच पाहिजे. वृद्धांची काळजी घेणे म्हणजे त्यांचा निर्णय हिरावून घेणे नव्हे. वेष्टणावरची शाकाहारी-मांसाहारी खूण पाहा आणि स्पष्ट सांगा. त्यांनी नाही म्हटले, तर बिघाडावरचा मुख्य उपचार चुकला असे मुळीच होत नाही.

मासे खाणाऱ्यांनी आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली कालवणात खावी, तळून नव्हे. रोहू-कटला यांसारख्या गोड्या पाण्यातील माशांत ओमेगा-३ त्या मानाने कमी, पण प्रथिने उत्तम. शाकाहारी घरांत जवसाची चटणी आहेच. जवसातील ओमेगा-३ चे ईपीएत रूपांतर अल्पच होते; तरी त्यातील तंतुमय भाग आतड्याला आणि कोलेस्टेरॉलला हितकारक आहे.

मुलांनो आणि सुनांनो, तीन-चार बाटल्यांच्या पैशांत रक्तदाब मोजण्याचे यंत्र घरी येते. ते आणा, आणि सोबत शिंप्याची टेप. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडल्यावर, घेर मोजा. पायजम्याची नाडी जेथे बांधतात तेथे नव्हे. आकडा वहीत लिहा आणि दर महिन्याला पुन्हा मोजा. ताटातला भात निम्मा करा आणि ती जागा उसळीने, वरणाने, भाजीने भरा. मात्र मधुमेहाची गोळी चालू असताना जेवण चुकवू देऊ नका, आणि अशक्त वृद्धांचा आहार परस्पर कमी करू नका. दोन्ही जेवणांनंतर दहा-पंधरा मिनिटे त्यांना चालवा. शक्य असेल तर खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठण्या-बसण्याचा सराव रोज करून घ्या. मांडीचे स्नायू राखणे हाही साखरेवरचाच उपाय आहे. आणि दारू, तंबाखू असेल तर ती सोडविण्यासाठी डॉक्टरांची मदत घ्या.

रक्तदाबाच्या, साखरेच्या किंवा कोलेस्टेरॉलच्या चालू गोळ्या माशाच्या तेलाच्या भरवशावर थांबवू नका. बाटली घरात आलीच असेल, तर पुढच्या तपासणीला ती सोबत न्या, मागची बारीक अक्षरे डॉक्टरांना दाखवा आणि मगच ठरवा. चालणे मात्र आज संध्याकाळच्या जेवणानंतरच सुरू करता येईल. आजी-आजोबांबरोबर घरातल्या एखाद्याने निघावे, एवढेच.