काळेकाका

आमच्या हॉलमध्ये टीव्हीशेजारी दोन फुटांची काचेची टाकी आहे आणि तिच्या मागच्या कोपऱ्यात काळेकाका बसलेले असतात. पाहुणा आला की आधी लाल कोळंब्या बघतो, मग शेवाळ, मग पाण्यात बुडवलेलं लाकूड, आणि सगळं बघून झालं की बोट दाखवून विचारतो, "ते काळं काय आहे हो? घाण दिसतंय. काढून टाका की."

ते काळं म्हणजे स्पंजचा फिल्टर. मुठीत मावेल एवढा, खरबरीत, अंगावर हिरवट शेवाळ धरलेला. मधून प्लॅस्टिकची नळी वर गेलेली आणि तिच्या तोंडातून चोवीस तास बुडबुडे. गुड गुड गुड, मध्येच एखादा मोठा 'बुळुक'. नाव माझ्या मुलीने ठेवलं, तेव्हा ती दुसरीत होती. दिवसभर कोपऱ्यात गुडगुड करणाऱ्या आणि आंघोळीचं नाव काढू न देणाऱ्या माणसाला काका नाही तर काय म्हणायचं? आंघोळीचा किस्सा पुढे येईलच.

काकांना मी काही हौसेने आणलं नव्हतं. हौस कोळंब्यांची होती. २०१९ साली क्रॉफर्ड मार्केटमधून पंधरा चेरी श्रिंप घेतल्या आणि त्यांच्यासाठी एक झोकदार पॉवर फिल्टर हातात धरला. दुकानदाराने तो माझ्या हातातून काढून परत फळीवर ठेवला. "पिल्लं ओढून घेईल हा. हे न्या," म्हणत त्याने पिशवीत काका टाकले. किंमत दीडशे रुपये. हवेचा पंप वेगळा.

चेरी श्रिंप म्हणजे नर पाऊण इंच, मादी फार तर सव्वा इंच. मूळचा हा जीव चीन-तैवानकडच्या ओढ्यातळ्यांतला, मातकट, जवळजवळ आरपार दिसणारा. हौशी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या त्यातल्या त्यात लाल निवडत निवडत त्याला कुंकवाच्या रंगावर आणला. अलिबागची मावशी पहिल्यांदा आली तेव्हा काचेला नाक लावून बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "जवळ्याला बंगला बांधलायस होय रे? आणि कालवणाला किती महिने लागतील?" सगळी टाकी उपसून सुकवली असती तरी मूठभर सुकट निघालं नसतं, हे तिलाही दिसत होतं.

काकांचं काम कुणालाच दिसत नाही. पंप हवा ढकलतो, ती नळीतून बुडबुडे होऊन वर चढते, चढताना नळीतलं पाणीही वर नेते आणि त्या जागी स्पंजमधून नवं पाणी ओढलं जातं. एवढंच यंत्र. खरा संसार स्पंजच्या छिद्रांत. कोळंब्यांची विष्ठा, उरलेलं खाणं, कुजलेलं पान या सगळ्यांतून अमोनिया सुटतो आणि तो विषारी. छिद्रांत वस्तीला असलेले काही जिवाणू अमोनियाचा नायट्राइट करतात. तोही विषारीच. दुसरे जिवाणू त्याचा नायट्रेट करतात. तो थोडा चालतो, बाकीचा वनस्पती शोषतात आणि आठवड्याच्या पाणीबदलात निघून जातो. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. हौशी मंडळी एकमेकांना "सायकल झाली का?" विचारतात. आमच्या घरी मात्र "मुरली का?" असंच म्हणतात. लोणचं आणि टाकी, दोन्ही घाईत उघडलेली वायाच जातात.

बाकी कोळंब्यांचा वंश वाढवायला माणसाला काही करावं लागत नाही. मादी कात टाकते, पाण्यात काहीतरी निरोप सुटतो आणि एरवी पानाखाली दडून बसणारे नर टाकीभर सैरावैरा पोहायला लागतात, लोकल फलाटावर शिरताना होतं तसं. मग मादीच्या पोटाखाली अंड्यांचा घोस दिसतो, वीस-तीस तरी, मोहरीहून बारीक. ती पोटाखालच्या पायांनी त्यांना सतत वारा घालत असते. तीन-चार आठवड्यांनी त्यातून जे बाहेर पडतं ते पूर्ण कोळंबीच असतं, दोन मिलिमीटरची, मिशांसकट. सगळ्या जातींचं असं नसतं. जपानच्या ताकाशी आमानोंनी जगभर लोकप्रिय केलेली आणि त्यांच्याच नावाने ओळखली जाणारी श्रिंप घरी अंडी धरते खरी, पण तिच्या अळ्यांना खारं पाणी लागतं. चेरीचं पिल्लू गोड्या पाण्यातच जन्मतं आणि जन्मलं की सरळ काकांच्या अंगावर जाऊन बसतं.

रात्री दिवे बंद करून टॉर्च मारला की ते दिसतं. खरबरीत काळ्या अंगावर पन्नासेक ठिपके, प्रत्येकाचे पुढचे पाय शिवणाच्या मशीनसारखे चाललेले, काहीतरी उचलून तोंडात घालताहेत. स्पंजवर जिवाणू-शेवाळाचा जो बुळबुळीत थर असतो, तोच त्यांचा वरणभात. पिल्लाला लांब जाता येत नाही आणि जायची गरजही नसते. पाहुण्यांना जी घाण वाटते ती आमची बालवाडी आहे.

आता आंघोळ. २०२० च्या जूनमध्ये मला काका फारच कळकट वाटायला लागले. बुडबुडेही मंदावले होते. काढले, बेसिनमध्ये नळाखाली धरले आणि कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाला जायचं असल्यासारखे घासूनपुसून लख्ख केले. पावसाळ्याची सुरुवात, नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास दरवळत होता. तो वास कशासाठी असतो हे शाळेत शिकलो होतो, जिवाणू मारण्यासाठी. पण हातातल्या स्पंजशी त्याचा संबंध लावायचं डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी उकडलेला पालक टाकला तर कुणी फिरकलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तळाशी गुलाबी पडलं होतं. टाकलेली कात काचेसारखी आरपार असते. मेलेली कोळंबी उकडल्यासारखी अपारदर्शक गुलाबी होते. मी काती समजून पहिल्या दोन तशाच सोडल्या, कात त्या पुन्हा खातात म्हणून. तिसरी उचलली तेव्हा कळलं. टेस्ट किटच्या नळीत पाणी पिवळं राहायला हवं होतं, ते हिरवं झालं. अमोनिया. मग महिनाभर रोज थोडं थोडं पाणी बदललं, तेही आदल्या रात्री बादलीत भरून, क्लोरीन मारायचे थेंब टाकून. ऐंशीच्या आसपास होत्या, तेवीस राहिल्या. पोटाखाली अंडी असलेली एक होती, ती गेली.

तेव्हापासून काकांची आंघोळ ठरलेली. महिन्या-दीड महिन्याने एकदा, टाकीतून काढलेल्या पाण्यातच, बादलीत हळूच दोनदा पिळायचं. तिसऱ्यांदा नाही. पाणी उकळून उकळून काळ्या झालेल्या चहासारखं होतं. ते लगेच ओतायचं नाही, पाच मिनिटं थांबून बादलीत टॉर्च मारायचा, कारण चार-दोन पिल्लं हमखास पिळली गेलेली असतात आणि बहुतेक धडधाकट असतात. चहाच्या चमच्याने उचलून परत घरी. उरलेलं पाणी तुळशीला. तुळस ताडमाड वाढलीये.

काकांच्या श्वासाचं मला उशिरा सुचलं. ते घेतात ती हवा आमच्या हॉलचीच. पंप जिथे ठेवलाय तिथली हवा खेचून तो थेट पाण्यात सोडतो. म्हणजे डासांचं मशीन लावलं, स्प्रे मारला, खाली महापालिकेची धुराची फेरी आली, तर ते सगळं काकांच्या नळीतून कोळंब्यांपर्यंत. डासांच्या औषधातली द्रव्यं किड्यांसाठी बनवलेली असतात आणि कोळंबी हे शेवटी किड्याचंच लांबचं भावंड. माणसाला शिंक येते तेवढ्यात तिचा कारभार आटोपतो. आमच्या हॉलमध्ये डासांचं मशीन बंद झालं, जाळ्या बसल्या. बायको म्हणते, माझ्या दम्यासाठी दहा वर्षं मागत होते त्या जाळ्या कोळंबीसाठी आल्या. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

तशीच गोष्ट तांब्याची. आईला टाकीत पाणी कमी दिसलं की ती ओट्यावरच्या तांब्याच्या हंड्यातून लोटा भरून निघायची, चांगलं पाणी म्हणून. एकदा मी तिचा हात वाटेत धरला. कोळंबीच्या रक्तातच तांबं असतं, त्याने ते निळसर दिसतं, पण बाहेरून पाण्यात उतरलेलं तांबं तिला सोसत नाही. द्राक्षबागेत फवारतात ते मोरचूद म्हणजे तांब्याचाच क्षार आणि माशांच्या काही औषधांतही तो असतो. आईला पटलं नाही. पण आता ती लोटा घेऊन आली की आधी माझ्याकडे बघते.

आमच्या मुलुंडला नळाचं पाणी मऊ. भाताला, चहाला, साबणाला छान. कोळंबीला मात्र थोडं जड पाणी हवं, कारण कवच बांधायला कॅल्शियम लागतं. ते कमी पडलं की कात अर्ध्यावर अडकते, मानेशी पांढरी रेघ दिसते आणि तिथेच ती संपते. मावशीला हे सांगितलं तर पुढच्या खेपेला तिने किनाऱ्यावरून वेचलेले समुद्रफेसाचे चार तुकडे आणले. एक तुकडा काकांच्या डोक्यावर ठेवलाय, टोपीसारखा. खाली सोसायटीच्या आवारातल्या बदामाची वाळकी लाल पानंही जातात टाकीत. झाडूवाल्याला मी पानं वेचताना दिसलो की तो थांबून बघतो.

पण काकांची खरी ओळख झाली १२ ऑक्टोबर २०२० ला. सोमवार होता, सकाळी दहाच्या सुमाराला सगळ्या मुंबईची वीज गेली. घरूनच काम, लॅपटॉपची बॅटरी जुनी, मीटिंगमधले चेहरे गेले. आणि मग घरात काहीतरी नाही असं वाटायला लागलं. पंखा बंद होता, फ्रीज बंद होता, पण ते नव्हे. मुलगी म्हणाली, "बाबा, काका बोलत नाहीयेत."

ऑक्टोबरचं ऊन, टाकीचं पाणी तीस अंशांवर. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे नऊ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, तिसाला साडेसातच. आणि तो फक्त कोळंब्यांना लागतो असं नाही. स्पंजमधल्या वस्तीलाही लागतो, पाणी हललं नाही तर काही तासांत तीच गुदमरायला लागते. शिवाय मी पंप टाकीच्या खालच्या कप्प्यात ठेवलेला. हवा थांबल्याबरोबर पाणी नळीतून उलटं खाली उतरलं आणि कप्पा भिजला. नळी चिमटीत धरून आधी ते थांबवलं. मग मी आणि मुलगी आळीपाळीने स्टीलच्या पेल्याने पाणी उचलून हातभर उंचीवरून परत टाकीत ओतत बसलो. दर दहा मिनिटांनी वीस पेले. ती मोजायची, मी ओतायचो. अधूनमधून मी काकांना पाण्यातच हलके वरखाली करायचो, आजारी माणसाची पाठ चोळावी तसा. दुपारी जेवणं झाल्यावर कधीतरी वीज आली. आधी नळीतून नुसती फुरफुर झाली, मग एक बुळुक, मग गुड गुड गुड. मुलीने टाळ्या वाजवल्या. एकही मेली नाही.

आता पंप वरच्या फळीवर आहे, नळीत पाणी उलटं येऊ न देणारा वीस रुपयांचा व्हॉल्व्ह आहे आणि बॅटरीवरचा पंप आहे. मधल्या काळात भाच्याने दिलेल्या सहा निळ्या कोळंब्या मी लालमध्ये सोडून दिल्या. त्यांची नातवंडं मातकट, आरपार निघाली, तैवानच्या ओढ्यात असतील तशी. हौशी मित्रांनी मला वेड्यात काढलं. काकांना काही फरक पडला नाही. लाल असो की मातकट, सगळी त्यांच्याच अंगाखांद्यावर.

गेल्या वर्षी तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाला टाकी लावायची होती. मी एक नवा कोरा स्पंज आणून काकांच्या पाठीशी टेकवून ठेवला. सहा आठवड्यांत तो अंगावर लव धरून तसाच कळकट झाला, तेव्हा टाकीच्याच पाण्याने भरलेल्या बादलीत घालून खाली पाठवला. आमच्या घरात त्याला धाकटे काळे म्हणतात. सध्या काकांच्या मागे आणखी एक बसलाय, तो एका शेजारणीसाठी राखून ठेवलाय. तुम्हालाही हवा असेल तर दीड महिना आधी सांगा आणि बादली आपापली आणा.