बेसनाच्या पोळ्यासाठी नीसपर्यंत

आमचं घर तीन पिढ्यांचं माळकरी. मांस, अंडं, दारू यांना उंबऱ्याच्या आत जागा नाही. मी स्वतः माळ घातलेली नाही, पण लग्न होऊन जिंतूरला आले तेव्हापासून घराची रीत तीच माझी. त्यामुळे २०२३ साली लेकीचा तुरीनहून फोन आला, "सप्टेंबरात दोघं या," तेव्हा ह्यांचा पहिला प्रश्न, "अगं, तिथे जाऊन खायचं काय?"

शेजारच्या वहिनी टूरबरोबर जाऊन आलेल्या. रोज गरम वरण-भात मिळाला म्हणून किती खूश! मी मनात म्हटलं, छत्तीस वर्षं इथे वरण-भात वाढतेच आहे. तोच खायला इतक्या लांब कशाला जायचं? एकदा तरी दुसऱ्याने रांधलेलं, तिथलंच, बसून खावं. मग लेकीला सांगितलं, देवळं-राजवाडे मागाहून बघू, आधी जेवणाचं ठरव.

मैत्रिणींनो, ही आखणी दिसते तितकी सोपी नव्हे. तूप, पेढे, खवा बांधून घेतलेले मी शेवटच्या दिवशी काढून ठेवले, कारण बाहेरच्या देशांतून दुधाचे पदार्थ आणि मांस युरोपीय संघात नेता येत नाही. चटणी-मेतकूट गेलं. दुसरं म्हणजे चीज. इटलीतलं प्रसिद्ध पार्मेजान वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात, आणि ते सूपवर, पास्त्यावर, हिरव्या पेस्टो चटणीतही असतं. हे कळल्यावर ह्यांनी चीजला हातच लावला नाही. ताज्या पास्त्यात बहुधा अंडं असतं. दुकानातला सुका मात्र सहसा नुसत्या गव्हाच्या रव्याचा. जेवणाच्या वेळाही सांभाळाव्या लागतात. दुपारी अडीचनंतर बहुतेक खानावळींचं स्वयंपाकघर बंद, ते रात्री साडेसातच्या सुमारास उघडणार. ह्यांच्या साखरेच्या गोळ्यांमुळे पिशवीत दशम्या होत्या म्हणून बरं.

पण नीसला गेलो आणि श्रमाचं चीज झालं. (हे चीज ह्यांना चाललं!) जुन्या गावात भल्या मोठ्या तांब्याच्या परातीत, लाकडाच्या भट्टीत भाजलेला सोक्का. हरभऱ्याचं पीठ, पाणी, मीठ, ऑलिव्हचं तेल. वर भरडलेली मिरी. आपलं बेसनाचं पोळंच की! कडेने कुरकुरीत, मधे मऊ. हे कागदावरून हाताने खात म्हणाले, "हे तर आपल्या घरचंच निघालं." दोनदा आणलं. पुढे जेनोव्हाला हेच पोळं फारिनाता नावाने पुन्हा भेटलं.

शेवटी जावयांनी बारोलोच्या टेकड्यांवर नेलं. तिथले द्राक्षमळे २०१४ पासून जागतिक वारसा आहेत. नेब्बिओलो जातीची काळी द्राक्षं अजून वेलीवरच होती. मळ्याची मालकीण माझ्याच वयाची. तिने सगळ्यांपुढे पेले ठेवले. ह्यांनी हात जोडले. तिने मुकाट्याने पाणी आणलं. मग माझ्याकडे बघितलं.

लेक हळूच म्हणाली, "आई, चव घेऊन टाकून दिली तरी चालते, त्यासाठीच हे भांडं ठेवलंय." मी घोटभर घेतली. टाकली नाही. जांभळासारखी जीभ आवळणारी तुरट, मागून किंचित गोडसर वास. हे खिडकीतून टेकडीकडे बघत राहिले. परतताना गाडीत कुणी बोललं नाही. मला वाटलं, एका घोटासाठी एवढी वर्षं घालवली की काय मी!

रात्री दिवा मालवल्यावर अंधारातून आवाज आला, "कशी होती गं?"

"तुरट."

"मग लोक एवढे पैसे कशाला मोजतात?" आणि हसले. मग कितीतरी वेळ मला झोप लागली नाही, पण ती वेगळ्या कारणाने.

आता जिंतुरात मी तव्यावर शेंगदाण्याच्या तेलात तसलं पोळं करते. पीठ चारेक तास भिजवून ठेवायचं, हळद घालायची नाही. सासूबाईंना फार आवडलं. खाताना त्या तिकडच्या गोष्टी विचारतात. मी भट्टीचं सांगते, मळ्याचं सांगते, त्या मालकीणबाईंचंही सांगते. पेल्यापाशी आले की मात्र उठून चहा टाकते, आणि हे वर्तमानपत्रात डोकं घालतात.