कवीचें घर

वाशिष्ठीच्या मुखाशीं वसलेल्या अंजनवेलींत मराठी शिकवितांना मला एका गोष्टीचें नेहमीं अप्रूप वाटतें. कवि नारायण वामन टिळक आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यांत, करजगांवीं, १८६१ सालीं जन्मले. १८९५ सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला; पण अभंग-ओवीचा हात सोडला नाहीं. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशीं पोंचलों, असें ते सांगत. संतांच्या वाणीशीं ख्रिस्ती माणसाचें नातें काय, असें कोणी विचारलें कीं मी हेंच उत्तर देतों.

परंतु श्रद्धेची कसोटी घरांत लागते. टिळकांच्या धर्मांतरानंतर लक्ष्मीबाई कांहीं वर्षें त्यांच्यापासून दूर राहिल्या. नवरा गेला म्हणून त्या मागून गेल्या नाहींत. स्वतः विचार करून, सोंवळें मनांतून गळल्यावर त्या ख्रिस्ती झाल्या. १९१९ सालीं टिळक वारले, तेव्हां 'ख्रिस्तायन' अपुरें होतें. शाळेचें तोंडही न पाहिलेल्या या बाईंनीं त्यांत ६४ अध्यायांची भर घातली.

माझ्या घरीं स्वयंपाक करतां करतां पत्नी टिळकांचीं भजनें गुणगुणते. महिनाअखेरीच्या चिंतेंतही तिचा सूर तुटत नाहीं. काव्य व प्रार्थना हीं देवळापुरतीं नसतात, हें मला पुस्तकांपेक्षां तिनेंच अधिक शिकविलें.

मुलांनो, कविता पाठ करा. आणि पालकहो, घरकामासाठीं मुलीच्या हातांतील वही काढून घेऊं नका. आपलें अपुरें राहिलेलें काम उद्यां कदाचित् तीच पुरें करील.