दोन रुपयांचा निर्माता

'मंथन' या चित्रपटाच्या सुरुवातीला पडद्यावर निर्माता म्हणून गुजरातचे पाच लाख शेतकरी येतात. १९७६ च्या या चित्रपटासाठी प्रत्येकाने दुधाच्या पैशातून दोन रुपये दिले आणि दहा लाख उभे राहिले. पटकथा विजय तेंडुलकरांची, दिग्दर्शन श्याम बेनेगलांचं. मला यात रकमेपेक्षा पुढचं महत्त्वाचं वाटतं: चित्रपट लागला तेव्हा हेच शेतकरी ट्रक भरभरून तो पाहायला आले. छोट्या चित्रपटाचं खरं दुखणं थिएटर मिळण्याचं आणि ते भरण्याचं असतं. वर्गणीदार पैशाबरोबर प्रेक्षकही आणतो. म्हणूनच लोकवर्गणीला मी मदत म्हणत नाही, ती भागीदारी आहे.

कुणी म्हणेल, 'मंथन'मागे आधीच उभा असलेला दूधसंघ होता. एकट्यादुकट्या दिग्दर्शकाने काय करावं? आक्षेप रास्त आहे. पण केरळात दिग्दर्शक जॉन अब्राहमच्या 'ओडेसा' या चित्रपट-गटाकडे असा कुठलाही संघ नव्हता. गावोगाव चित्रपट दाखवत, लोकांपुढे हात पसरत त्यांनी १९८६ चा 'अम्मा अरियन' उभा केला. संघ नव्हता, तर त्यांनी आधी प्रेक्षक गोळा केला. दुसरी भीती अशी की पैसे देणारा कथेत लुडबुड करेल. एकच मोठा निर्माता असला तर लुडबुड जरूर होते, शेवट बदला म्हणून तो अडून बसू शकतो. दोन रुपये देणाऱ्याच्या हाती तेवढं बळ नसतं. दिग्दर्शकाने मात्र त्याला हिशेब चोख द्यायला हवा, आणि चित्रपट रखडला तर तेही वेळेवर कळवायला हवं.