सा कुठी हाय?

गिटार हातात आली तेव्हा मोबाइलवरच्या बोटांच्या खुणा पाहून मी सी, जी, ए मायनर दाबायला शिकलो. गाणी वाजायची. पण एका कॉर्डनंतर अमुकच कॉर्ड का गोड लागते, हे विचारायला आमच्या खापरखेड्यात गिटारचा गुरू नव्हता. उत्तर मिळालं ते भजनी मंडळात, पेटी वाजवणाऱ्या काकांकडे. वीज केंद्रातून निवृत्त झालेला माणूस. मी कॉर्डची नावं सांगू लागलो तर म्हणाले, "ते राहू दे बाबू. तुया सा कुठी हाय, ते सांग पयले."

माझ्यासाठी सगळं शास्त्र त्या प्रश्नापासून सुरू झालं. मंडळात गाणाऱ्या बुवांचा सा काळी तीन, म्हणजे एफ शार्प. चौथ्या फ्रेटवर कॅपो लावला की डीचे ओळखीचे आकार नेमके त्या पट्टीत बसतात. मग काकांनी बिलावल थाटाचे सात स्वर मांडले आणि प्रत्येकापासून एक सोडून एक असे तीन उचलायला लावले. सा-ग-प, रे-म-ध, ग-प-नी. सा, म आणि प यांच्यावर मेजर उभी राहते, रे, ग, ध यांच्यावर मायनर, नीवर डिमिनिश्ड. बुवांनी पट्टी बदलली तरी हे नातं हलत नाही. नावं पाठ करण्यापेक्षा ही नाती पाठ करावीत, असं मी आता शिकणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. भातखंड्यांचे दहा थाट गिटारवाल्याला फार कामाचे आहेत. राग मात्र थाटात मावत नाही, हे काका दर वेळी बजावत.

खरी गंमत भैरवीत आली. भजनाचा शेवट तिच्यावर. बिलावलचेच स्वर गंधाराला सा मानून वाजवले की भैरवी मिळते. सी सा धरला तर तो गंधार ई, म्हणून कॅपो दुसऱ्या फ्रेटवर आणायचा आणि ई मायनरचा आकार धरायचा: बुवांचा सा तोच, काळी तीन. इथे पंचमावर डिमिनिश्ड येते. त्यामुळे एरवी घरी, म्हणजे सावर, परतायला पंचमावरची मेजर वापरतो, ती या स्वरांत नाहीच. तिथे शुद्ध निषाद आणि शुद्ध रिषभ घुसवून मेजर करणारे पुष्कळ आहेत. मला ते खटकतं. कोमल रिषभावरची मेजर, माझ्या हातातला एफचा आकार, घेऊन साच्या मायनरवर उतरलं की भैरवी आपल्या पायांनी घरी येते. हे पहिल्यांदा जमलं तेव्हा काकांनी पेटी वाजवता वाजवता मान डोलावली.

ऐकायची सवय लागली की गावही स्वरांत ऐकू येतं. ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्याचं पोलाद ५० हर्ट्झच्या प्रत्येक आवर्तनात दोनदा ताणलं जातं, म्हणून त्याची घरघर १०० हर्ट्झची असते. गिटारच्या सहाव्या तारेवरचा तिसरा फ्रेट, पांढरी पाच, ९८ हर्ट्झचा. केंद्राजवळच्या आमच्या वस्तीत तार लावून मी हा फरक कानाने पकडला, तेव्हा आकडे पहिल्यांदा माझे झाले.

तानपुऱ्यातून आपसूक उमटणारा गंधार मात्र फ्रेटवर सापडत नाही. बारा समान भागांतला गंधार त्याहून सुमारे १४ सेंट चढा असतो. सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. पेटीचीही तीच अडचण. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली, त्यामागच्या आक्षेपांत हे ठरलेले स्वर होते, आणि ती बंदी १९७१ पर्यंत टिकली. तार ओढून स्वर चढतो, उतरत नाही. डीच्या आकारात गंधार पहिल्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर येतो, म्हणून संथ अभंगाला मी ती तार किंचित उतरवतो. मग त्याच तारेवरचा मोकळा रिषभ उतरलेला राहतो, तो मी चौथ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर, खालच्या सप्तकात घेतो.