काचबिंदूचा थेंब आणि चौविहार



सासूबाईंना काचबिंदू निघाला. ना दुखणं, ना लाली. चष्म्याचा नंबर काढायला गेलो तेव्हा कळलं. डोळ्याचा दाब साधारण 10 ते 21 असतो, त्यांचा 28 होता. डोळ्याच्या आत सतत पाणी तयार होतं आणि बारीक वाटांनी निघून जातं. ती वाट अडली की दाब वाढतो, नस सुकत जाते. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली जपायची.

डॉक्टरांनी लॅटॅनोप्रॉस्ट दिलं, रोज रात्री एक थेंब. त्याने त्या पाण्याचा निचरा वाढतो. टिमोलॉलसारखे थेंब पाणी बनणंच कमी करतात.

आई म्हणाल्या, "अगं, माझा चौविहार आहे. थेंब घशात उतरला तर?"

शंका खरी होती. डोळ्यातून नाकाकडे बारीक नळी जाते, म्हणून तर कधी घशात कडू लागतं. महाराजसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, पच्चक्खाणात समाधीसाठी औषधाचा आगार आहे, मनात किंतु ठेवू नका. शिवाय थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबला की औषध घशात फारसं उतरत नाही.

महिन्याभराने दाब 20 वर आला. तरी थेंब सुरूच आहे. बंद केला की दाब पुन्हा चढतो.

काचबिंदू असेल तर उपवासात सूर्यास्ताआधी घाईने लिटरभर पाणी एकदम पिऊ नका, त्यानेही दाब वाढतो. दिवसभर घोट घोट घ्या. आणि घरात एकाला निघाला, तर भावंडांनी, मुलांनीही डोळे तपासून घ्या.